धामणखेडची तीट

धामणखेड तालुक्यातली घरं लग्नसराईत एकेका दिवसापुरती श्रीमंत होत होती, आणि ही गोष्ट आकाशातून उपग्रहांनी टिपली होती.

राज्य सरकारनं सोडलेल्या या छोट्या उपग्रहांच्या माळेचं नाव होतं 'नजर'. माणसाच्या डोळ्याला तांबडं, हिरवं, निळं अशा तीनच खिडक्यांतून जग दिसतं. या उपग्रहांना दोनशेहून जास्त खिडक्या होत्या. सिमेंट, गंजलेला टिन, डांबर, कौलं, पिकाचं पान, प्रत्येक वस्तू सूर्याचा प्रकाश आपल्या ठरलेल्या रीतीनं परत पाठवते, आणि त्या रीतीवरून ती वस्तू कोणती हे शेकडो किलोमीटर उंचीवरूनही ओळखता येतं. शिवाय ऊन उतरल्यावर कोणतं छप्पर किती वेगानं थंड होतं, तेही ही यंत्रं मोजायची. असं आकाशातून दिसलेलं आणि सरकारी नोंदीतलं, म्हणजे शाळेच्या खोल्या, विजेची रोहित्रं, दवाखान्यातली यंत्रं, सगळं एकत्र करून प्रत्येक तालुक्याचा एक 'प्रगती अंक' निघे. पूर्वी कोणता तालुका मागास हे अधिकारी बसून ठरवायचे आणि आमदार उभे राहून बदलून घ्यायचे. यंत्राला आमदाराचा फोन येत नाही, म्हणून या अंकाचं सगळीकडे स्वागतच झालं होतं.

या अंकावर करसवलत ठरायची. चाळीसच्या खाली अंक असलेला तालुका तळच्या गटात. तिथे कारखाना काढला की मालाच्या विक्रीवर राज्याच्या वाट्याचा जो कर भरायचा, तो भरल्यावर सरकार कारखान्याला परत करायचं. वीजशुल्क माफ, जमिनीचं मुद्रांक शुल्क माफ. तालुका चाळीसच्या वर गेला की सवलत बंद, कारण मग तो मागास राहिला नाही. कागदावर याच्याइतकं शहाणपणाचं काही नव्हतं.

प्रणिता गावंडे नागपूरच्या करसवलत मोजणी कक्षात काम करायची. चाळिशीची, एकटी राहणारी, आकड्यांच्या बाबतीत जरा जास्तच चिकित्सक. तिनं पडद्यावर धामणखेडमधलं एक घर मोठं करून तिच्या वरिष्ठ इनामदार मॅडमना दाखवलं.

"हे बघा. काल गंजक्या टिनाचं छप्पर. आज त्याच जागी सिमेंटचा स्लॅब, वर टाकी, सौर पॅनेल. उद्या पुन्हा गंजका टिन. फेब्रुवारीपासून मेपर्यंत अशी कितीतरी घरं. पावसाळा लागला की एकही नाही."

"एका दिवसात घर बांधून पाडतात की काय तुमच्याकडे?" मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या.

"आणि दुसरं म्हणजे हा टिन संध्याकाळी थंडच होत नाही. टिनाचा पत्रा ऊन गेल्यावर घटकाभरात गार पडतो. सिमेंटचा स्लॅब रात्रीपर्यंत उष्णता धरून ठेवतो. धामणखेडचा टिन सिमेंटसारखा वागतो."

इनामदार मॅडमनी चष्मा चढवला. निवृत्तीला आलेल्या या बाईंनी आयुष्यभर सरकारचे हिशेब पाहिले होते आणि त्यांचा कशावर चटकन विश्वास बसत नसे. नव्या माणसाला त्या एकच गोष्ट समजावून सांगत. सरकारला शंभर रुपये खर्च करायचे असतील, तर विधानसभेत मागावे लागतात, विरोधक ओरडतात, वर्तमानपत्रं विचारतात. तेच शंभर रुपये कर म्हणून घेतलेच नाहीत, तर कोणालाच विचारावं लागत नाही. तिजोरीत दोन्हीकडून खड्डा तेवढाच पडतो, पण दुसरा खड्डा कोणी वाकून पाहत नाही. तो पाहण्यासाठीच हा कक्ष काढला होता. त्या वर्षी राज्यानं असा सोडून दिलेला कर आरोग्यखात्याच्या सगळ्या तरतुदीपेक्षा मोठा झाला होता. आणि इतकं सोडूनही तळच्या गटातला एकही तालुका कधी वर आलेला नव्हता. निम्मे मंत्री म्हणत, सवलत वाया जाते आहे, बंद करा. उरलेले म्हणत, कमी पडते आहे, वाढवा.

"जाऊन बघून ये," मॅडम म्हणाल्या.

"माझं गाव आहे ते. भाऊ तिथल्याच बॅटरीच्या कारखान्यात आहे. नगरसेवकही आहे. दुसऱ्या कोणाला पाठवलंत तर बरं."

"दुसऱ्याला ते चहा पाजून परत पाठवतील. तुझ्याशी निदान भांडतील तरी. नातं आहे ते अहवालात पहिल्या ओळीत लिही, आणि जा."

*

प्रणिता दर दिवाळीला घरी जायची. घरावरचा टिन तिनं अनेकदा पाहिला होता. "स्लॅब गळते," असं मंगेशदादानं एकदा सांगितलं होतं आणि तिनं ते मान्य करून टाकलं होतं. गळक्या स्लॅबवर टिन टाकायची पद्धत साऱ्या वऱ्हाडात आहे. नवा पत्रा सोडून भंगारातला गंजका कोणी का टाकेल, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. आपल्या घरी गेल्यावर माणूस छपराकडे पाहत नाही.

या वेळी ती मार्चमधल्या एका सकाळी पोचली. शेजारच्या धोट्यांच्या घरावर पाच-सहा माणसं चढली होती. दोरानं टिन खाली सोडत होती, ते भिंतीआड रचून ठेवत होती, टाकीवरची गोणपाटं काढत होती. सगळं झटपट, न बोलता, हात बसलेल्या माणसांसारखं. खाली धोटेकाकू फाटकाला तोरण बांधत होत्या.

"हे काय चाललंय?" प्रणितानं भाचीला विचारलं. मंगेशची मुलगी ईश्वरी बारावीला होती आणि तिच्या पोटात काही राहत नसे.

"तीट काढून रायले, आत्या. सचिनदादाचं घर पाहाले पोरीवाले येऊन रायले दुपारी. टिनाचं घर पाहून पोरगी कोण देईन? ते गेले का संध्याकाळी परत लावतीन."

"तीट?"

ईश्वरीनं जीभ चावली. "बाबानं तुले सांगू नको म्हटलं होतं. तुह्या नोकरीले तरास होईन म्हणून."

प्रणिता पायरीवरच बसली. उपग्रहाचं कोडं एका वाक्यात सुटलं होतं, पण आनंद काही झाला नाही. गावभर नजर टाकली तर दिसत होता तो गंजच गंज. त्याखाली कारखान्याच्या पगारातून बांधलेली पक्की घरं होती, आणि तिच्या माणसांनी ती गुपचूप झाकून ठेवली होती. ती झाकाझाक तिच्यापासूनही लपवली होती, याचं तिला जास्त वाईट वाटलं.

दुपारी पहिली पाळी संपवून मंगेश आला. पन्नाशीकडे झुकलेला, उंच, बोलायला सावकाश. बहिणीच्या चेहऱ्यावरून त्याला सगळं कळलं. त्यानं हातपाय धुतले, सीमावहिनीनं वाढलेल्या ताटावर बसला, आणि लपवाछपवी न करता सांगायला लागला.

"अंक अडतीसवर गेल्ता पहिल्यांदा. कंपनीचं पत्र आलं. सवलत गेली तर आमाले दुसऱ्या तालुक्याचा इचार करा लागन, असं. हजार पोट्टे कामावर हायेत आपले, प्रणे. त्याच्याआधी काय होतं इथं? मी सुरतले होतो, धोट्याचा पोरगा पुण्याले रखवालदार होता. मंग एक दिवस धोटेबुवा गमतीनं म्हणे, लेकराले जशी तीट लावते, तशी गावाले लावा ना. नजर लागाची नाई. सारे हसले. अन् दुसऱ्याच दिवशी त्यानं आपल्या घरावर टिन टाकलं."

"आणि अंक खाली आला."

"दोननं आला. मंग साऱ्यायनं टाकलं."

"आणि मंग टिनावर थांबलं नाई," प्रणिता म्हणाली. घरात पाय टाकला की तिची भाषा आपोआप वळायची. "बसस्टँडचा रस्ता काऊन तसाच हाये? शाळेचा वरचा मजला?"

मंगेश वरणात भात कालवत राहिला. रस्ता डांबरी झाला असता तर अर्धा गुण वाढला असता. शाळेचा मजला मंजूर होता. नगरपंचायतीनं जागेचा वाद दाखवून लांबवला. आधी घरं झाकली, मग नवं काही होऊच द्यायचं नाही अशी सवय लागली. बाहेरून कोणी जबरदस्ती केली नव्हती. कंपनीनं तर टिनाबद्दल कधी एक शब्द काढला नव्हता. गाव आपलं आपणच शिकलं होतं.

"दादा," प्रणितानं विचारलं, "ग्रामीण रुग्णालयात डायलिसिस सुरू होणार होतं ना? मी यादीत पायलं होतं त्याचं नाव. मंग ते रद्द झालं."

वहिनीचा वाढता हात थांबला. आतल्या खोलीत आई पडली होती. शोभाबाईंच्या दोन्ही किडन्या निकामी होऊन तीन वर्षं झाली होती. आठवड्यातून तीनदा त्या शेअर जीपमध्ये बसून सत्तर किलोमीटरवरच्या जिल्ह्याच्या दवाखान्यात जायच्या, चार तास यंत्राला जोडून घ्यायच्या, आणि त्याच रस्त्यानं परत यायच्या.

"त्याचे तीन गुण होते," मंगेश खाली पाहत म्हणाला. "पाण्याचं यंत्र, जनरेटर, डॉक्टर. एकदम तीन. आपण तेव्हा रेषेले टेकून होतो."

"तू परत पाठवलं? आपल्याच आईसाठी आलेलं?"

"त्याले काय बोलतं?" आतून आवाज आला. शोभाबाई दाराला धरून उभ्या होत्या. हातावरची फुगलेली नस पदरानं झाकलेली. "मीच म्हटलं त्याले, परत पाठव. माह्या एकटीसाठी साऱ्या गावाचं काम घालवतं का? मी जीपमध्ये बसतो. मले काय होते बसाले."

प्रणिताला रडूही आलं आणि रागही. तिला भावाच्या अंगावर ओरडायचं होतं, पण त्याच्या ताटात भात तसाच पडलेला दिसला आणि ती उठून आईला आत घेऊन गेली.

*

दुसऱ्या दिवशी आईबरोबर तीही जीपमध्ये बसली. बसस्टँडच्या त्या डांबर न झालेल्या रस्त्यावर प्रत्येक गचक्याला आई डोळे मिटायची आणि पुन्हा उघडून गप्पा सुरू करायची. जीपमधले बाकीचे दोघे पेशंटही धामणखेडचेच होते. ते मागे डुलक्या घेत होते.

"तू लिहशीन हे सारं?" आईनं विचारलं.

"लिहा लागते, आई."

"सरकारले काय फरक पडते वो? सरकारजवळ लय पैसा असते."

प्रणितानं सोपं करून सांगायचा प्रयत्न केला. कंपनीनं जो कर भरायचा तो सरकार परत देतं. तो दिला नसता तर त्यातून डॉक्टर नेमता आला असता, फक्त धामणखेडला नाही, चार तालुक्यांत. सवलतीनं कारखाने आले, रोजगार आला, हे खरं. पण तालुका वर आला की सवलत कमी व्हायची होती, आणि वाचलेला पैसा दुसऱ्या खऱ्या गरीब तालुक्याला मिळायचा होता. धामणखेड वर आलं, आणि त्यानं ते सांगितलंच नाही. आता सरकारच्या यंत्राला वाटतं, कारखाना येऊन बारा वर्षं झाली तरी इथं काही झालंच नाही.

आईनं बाहेर तुरीच्या कापलेल्या वावरांकडे पाहिलं.

"म्हणजे कंपनी जो कर देत नाई, तो मी जीपवाल्याले देतो म्हण ना," ती म्हणाली, आणि स्वतःच हसली.

प्रणिताला हसता आलं नाही. कक्षातल्या एकाही तक्त्यात जीपच्या भाड्याला रकाना नव्हता.

दवाखान्यात नर्सनं सुया लावल्या. नळीतून रक्त यंत्रात जाऊन परत यायला लागलं. आईनं तिचा हात धरला. "लिहू नको म्हणत नाई मी तुले. तुहं काम हाये ते. पण एक सांग. तू लिहिलं, अन् कंपनी चालली गेली, तर मंग मी हे कायले सोसलं? तीन वर्षं झाले. गावाची पोरं कामावर हायेत, एवढं एक मनात धरून मी त्या जीपमध्ये बसतो. ते बी गेलं तर मले बसाले नाई होणार."

चार तास प्रणिता त्या खुर्चीशेजारी बसून अहवालाची एकेक ओळ मनात जुळवत राहिली.

*

तिनं लिहिलं. नातं पहिल्या ओळीत लिहिलं, टिनाखालचे स्लॅब लिहिले, परत पाठवलेलं डायलिसिस केंद्रही लिहिलं. शेवटी शिफारस केली, की या लोकांना शिक्षा करू नये. सवलत एकदम तोडू नये, दरवर्षी थोडी थोडी उतरवावी. आणि जो तालुका वर येईल त्याला त्या वर येण्याचं बक्षीस आधी द्यावं, दवाखाना, रस्ता, शाळा, म्हणजे वर येण्याची कोणाला भीती वाटणार नाही.

इनामदार मॅडमनी तिची छपरं थंड होण्याची चाचणी साऱ्या राज्यावर चालवली, आणि जिथे शंका आली तिथे माणसं पाठवली. तळच्या गटातल्या निम्म्याअधिक तालुक्यांनी आपापल्या परीनं काही ना काही झाकलं होतं. एका ठिकाणी डांबरी रस्त्यावर दर आठवड्याला मुरूम पसरत. एका ठिकाणी पुलाचा शेवटचा गाळा मुद्दाम बांधायचा ठेवला होता आणि लोक फळीवरून जात. कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. मंत्रिमंडळात हसू झालं, मग आरडाओरडा झाला, आणि शिफारशीतला अर्धा भाग मान्य झाला. कोणता अर्धा, ते सांगायला नको. सवलती लगेच बंद झाल्या. बक्षिसाचं प्रकरण अभ्यास समितीकडे गेलं.

धामणखेडचा अंक सत्तावन्न निघाला. ते पाहून प्रणिताला क्षणभर अभिमान वाटला, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

गावात टिन उतरले. पोरांच्या सोयरिकी भराभर जुळायला लागल्या, एवढा एक फायदा तिच्या खात्यावर जमा झाला. बाकी गावंड्यांच्या घराशी लोक तोंडापुरतं बोलू लागले. गिरणीत सीमावहिनीचा डबा सगळ्यात शेवटी लागायचा. मंगेशनं बहिणीचा फोन घेणं बंद केलं. डायलिसिससाठी त्यानं स्वतः नव्यानं अर्ज केला. मंजुरीला दोन वर्षं तरी लागतील, असं उत्तर आलं.

मग ऑगस्टमध्ये वहिनीचा फोन आला. "ताई, हे उद्या कंपनीच्या मोठ्या साहेबाले भेटाले चालले. कंपनी जाऊ नये म्हणून इनंती कराले. एकटे जाऊ नाई असं वाटते. या ना तुमी."

ती रजा टाकून गेली. फाटकाशी मंगेश मोटरसायकल घेऊन उभा होता. त्यानं मागची सीट हातानं पुसली.

*

कारखान्याचे प्रमुख प्रभुदेसाई साधे, गोव्याकडचे गृहस्थ होते. मंगेशला ते नावानं ओळखत होते. त्यांनी दोघांना बसवलं, चहा मागवला. प्रणितानं आपण कुठे नोकरी करतो हे आधीच सांगून टाकलं. "असूं दे," ते म्हणाले, "आता लपवण्यासारखं काय राहिलंय?"

मंगेशनं पाठ करून आणलेलं बोलायला सुरुवात केली. गाव कंपनीचे उपकार विसरलेलं नाही. राज्याची सवलत गेली, पण नगरपंचायत आपल्या हातातलं देईल. कारखान्याचा मालमत्ता कर माफ करू. पाणीपट्टी माफ करू. तसा ठराव आणायला सगळे नगरसेवक तयार आहेत. फक्त कंपनीनं जाऊ नये.

प्रणितानं चमकून भावाकडे पाहिलं. गावाकडे उरलेला एवढाच एक कर होता.

प्रभुदेसाईंच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसला. "गावंडे, आम्ही जातोय कुठे?"

"तुमचं पत्र असते ना साहेब. दर वेळी."

"ते होय?" साहेबांनी कप खाली ठेवला. "अहो, सोडियमच्या बॅटरीचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. सेल भरतात त्या खोल्या हाडासारख्या कोरड्या ठेवाव्या लागतात. हाच कारखाना माझ्या गावाकडे काढला असता, तर हवा कोरडी करण्यातच निम्मी वीज गेली असती. तुमच्याकडे आठ महिने हवाच कोरडी. शेजारी सौर पार्क. रेल्वेचा फाटा दारात. जागा आम्ही आधी नक्की केली. सवलतीचा अर्ज नंतर केला, सल्लागार म्हणाला मिळते आहे तर घ्या म्हणून."

"म्हणजे सवलत नसती तरी..." प्रणितानं विचारलं.

"तरी इथंच. दुसरीकडे परवडलं नसतं. सरकार देतंय म्हटल्यावर नको कोण म्हणेल, मॅडम? मीही नाही म्हटलं नाही, तेवढा दोष माझा."

"मंग ते पत्र?" मंगेशचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"नूतनीकरणाच्या वेळी पाठवायची पद्धत आहे. सगळ्याच कंपन्या पाठवतात. मसुदा मुख्य कार्यालयातून तयार येतो, तालुक्याचं नाव तेवढं घालायचं." त्यांनी मंगेशकडे पाहिलं. "तुम्ही लोकांनी ते इतकं मनावर घेतलं होतं? मी इतकी वर्षं ते टिन बघतोय. मला वाटायचं, इथले स्लॅबच गळके."

मंगेश उभा राहिला. त्यानं हात जोडले, दारातून बाहेर पडला, पार्किंगपर्यंत चालत गेला, आणि मोटरसायकलवर बसून राहिला. किल्ली लावली नाही. पाळी सुटली होती. पोरं त्याला हाका मारत जात होती आणि तो मान हलवत होता.

प्रणिता शेजारी उभी राहिली. तिला भावाचा राग कधी आला होता हेही आठवेना. इतक्या वर्षांत परत केलेली एकेक गोष्ट तो मनात मोजत असणार, हे तिला दिसत होतं. रस्ता, मजला, आणि ते यंत्र. कक्षात परतल्यावर साहेबांचं हे बोलणं तिला लिहावंच लागणार होतं. राज्यातल्या किती कारखान्यांचं असंच असेल, हा पुढचा प्रश्नही विचारावा लागणार होता. पण आत्ता तिला त्यातलं काही सुचत नव्हतं.

"फुकट दिलं सारं, प्रणे," शेवटी तो म्हणाला. "कोणी मांगतलं बी नव्हतं."

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"घरी काई बोलू नको," एवढं म्हणून त्यानं गाडी सुरू केली.

शोभाबाई ओसरीवर वाट पाहत बसल्या होत्या. शेजारी धोटेकाकूही येऊन बसल्या होत्या. कितीतरी महिन्यांनी त्यांनी या घरात पाय ठेवला होता. दोघींच्या नजरा मंगेशच्या तोंडाकडे लागल्या.

"काय म्हणे साहेब?" आईनं विचारलं.

मंगेशनं चपला काढल्या. सावकाश, एकेक करून.

"राहते म्हणाला कंपनी. कुठीच जात नाई." मग भिंतीकडे पाहत तो पुढे म्हणाला, "म्हणे, तुमच्या गावानं आमच्यासाठी लय सोसलं. ते आमी इसरत नाई. सवलत गेली तरी राहू."

धोटेकाकूंनी पदर डोळ्याला लावला. शोभाबाईंनी डोळे मिटून घेतले आणि त्यांचा सुकलेला चेहरा हळूहळू मोकळा होत गेला. इतकी प्रसन्न आई प्रणितानं आजार सुरू झाल्यापासून पाहिली नव्हती.

"पाय," त्या म्हणाल्या, "मी म्हणत होतो ना. सोसलेलं वाया जात नाई. त्यायनं जाण ठेवली." मग त्या लेकीकडे वळल्या. "तू होती ना तिथं. असंच म्हणे ना वो साहेब?"

मंगेशनं मान वर केली नाही. ईश्वरी दारातून आत्याकडे पाहत होती. प्रणितानं आईचा सुयांनी गाठाळलेला हात हातात घेतला.

"हाव आई," ती म्हणाली. "असंच म्हणाले."

शोभाबाई समाधानानं हसल्या, भिंतीला धरून उठल्या, आणि उद्याच्या जीपसाठी आपली पिशवी भरायला आत गेल्या.